कॉम्प्युटर आपलाच, तरी ‘परवानगी नाही’ असं का म्हणतो?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि घरोघरी कॉम्प्युटर बदलायची लगबग सुरू झाली. कोणी विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतला, कोणी जुन्याच मशीनवर ११ टाकलं, कोणी कंपनीतून निघालेला सेकंडहँड लॅपटॉप आणला. या बदलात काही अडचणी हमखास येतात. जुनी हार्ड डिस्क जोडली तर फोटोंचं फोल्डर उघडत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला गेलं की पासवर्ड मागितला जातो आणि तो घरात कोणालाच ठाऊक नसतो. कालपर्यंत चालणारा पिन आज चालत नाही. वर ‘तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा’ असा निरोप येतो. घरात तो कुठून आणायचा?

अशा वेळी बरेच जण घाबरून विंडोज नव्याने टाकून घेतात आणि वर्षानुवर्षांचे फोटो, कागदपत्रं गमावतात. पुष्कळदा त्याची गरज नसते. नेमकं कुठे अडलंय हे आधी ओळखता आलं, तर उपाय पाच-दहा मिनिटांचा असतो.

आधी तीन दारं वेगळी करू

एखाद्या सोसायटीत गेटवरचा वॉचमन तुम्हाला ओळखून आत सोडतो. गच्चीची आणि पंपरूमची किल्ली मात्र कमिटीकडे असते. आणि प्रत्येक फ्लॅटचं कुलूप वेगळं असतं, ते कमिटीच्या किल्लीनेही उघडत नाही. विंडोजमध्येही अशीच तीन दारं आहेत. पहिलं लॉगिन, म्हणजे तुम्ही कोण. दुसरं खात्याचा अधिकार, म्हणजे प्रोग्राम टाकणं, ड्रायव्हर बदलणं, दुसऱ्यांची खाती सांभाळणं हे तुम्हाला करता येतं का. तिसरं म्हणजे त्या एका फाइलची किंवा फोल्डरची परवानगी.

खाती दोन प्रकारची. ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ॲडमिन, सगळी व्यवस्था बदलू शकतो. स्टँडर्ड खात्याला रोजची कामं करता येतात, पण मशीनची व्यवस्था बदलता येत नाही. तुमचं खातं कुठलं हे पाहायला सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये युअर इन्फोवर जा. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं असेल तर तुम्ही ॲडमिन आहात.

मग ॲडमिन असूनही अडवलं का जातं? कारण २००७ साली घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक बदल केला. ॲडमिनने लॉगिन केलं तरी त्याचे प्रोग्राम साध्याच अधिकारांनी चालतात. मोठं काम करायची वेळ आली की पडदा अंधारतो आणि विचारणा होते. या व्यवस्थेला यूएसी, म्हणजे यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणतात.

ही विचारणा नीट पाहिली तर अर्धं निदान तिथेच होतं. नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ विचारलं, तर तुम्ही ॲडमिन आहात. कोणा दुसऱ्याच्या नावाखाली पासवर्ड किंवा पिन मागितला, तर तुमचं खातं स्टँडर्ड आहे आणि त्या दुसऱ्या ॲडमिनला बोलवायला हवं. त्याने त्याचा पासवर्ड दिला की तो प्रोग्राम त्याच्या खात्यातून चालतो, तुमच्या नव्हे. म्हणूनच ‘फक्त माझ्यासाठी’ असा पर्याय निवडून टाकलेला प्रोग्राम तुमच्या डेस्कटॉपवर दिसतच नाही. तो त्याच्या डेस्कटॉपवर असतो.

लॉगिनच होत नसेल तर

सगळ्यात आधी कीबोर्ड बघा. मराठी टायपिंगसाठी देवनागरी कीबोर्ड घातलेला असेल आणि लॉगिनच्या पडद्यावरही तोच निवडलेला राहिला, तर तुम्ही इंग्रजी समजून दाबलेल्या प्रत्येक कळीमागे देवनागरी अक्षर उमटतं. वर नुसते ठिपके दिसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते. विंडोज कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर बोट धरलं की काय टाइप झालंय ते दिसतं. कॅप्स लॉकही बघा, आणि पिन उजवीकडच्या आकड्यांनी टाकत असाल तर नम लॉक.

पिन चार-पाच वेळा चुकला की विंडोज ‘ए१बी२सी३’ अशी अक्षरं इंग्रजीत टाइप करायला सांगतं. हा पासवर्ड नव्हे. कळा चुकून दाबल्या जात नाहीत ना, आणि कीबोर्ड बरोबर भाषेत आहे ना, याची ती खात्री असते. पासवर्ड चुकत राहिला तर विंडोज ११ च्या अलीकडच्या नव्या मशीनवर दहा चुकांनंतर खातं दहा मिनिटांसाठी बंद होतं. तेवढा वेळ थांबा, सारखं दाबत बसू नका.

‘काहीतरी घडलं आणि तुमचा पिन उपलब्ध नाही’ असा निरोप आला, तर पिन विसरला असं समजू नका. पिन त्या एका मशीनपुरता असतो आणि मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी बांधलेला असतो. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झालं, चिप पुसली गेली किंवा मदरबोर्ड बदलला की ती गाठ सुटते. साइन-इन ऑप्शन्सवर जाऊन पासवर्डने आत या आणि पिन नव्याने लावा.

आता पासवर्डच आठवत नसेल तर खातं मायक्रोसॉफ्टचं आहे की लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनवरचं, हे ठरवा. लॉगिन करताना ईमेल पत्ता किंवा मोबाइल नंबर वापरला असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं. त्याचा पासवर्ड फोनवरून त्यांच्या संकेतस्थळावर बदलता येतो. इथे एक गोष्ट पुष्कळांना चकवते. नवा पासवर्ड कॉम्प्युटरला कळायला तो नेटवर असावा लागतो. नेट नसेल तर मशीन जुनाच पासवर्ड खरा धरतं. म्हणून लॉगिनच्या पडद्यावरच कोपऱ्यातल्या चिन्हावरून वायफाय जोडा आणि मग नवा पासवर्ड टाका.

खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला असेल तर मात्र वेळ लागतो. पडताळणीची सगळी माहिती बदलायची विनंती केली की मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. म्हणून नंबर बदलल्या दिवशीच खात्यातही बदला.

लोकल खात्याला विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून तीन सुरक्षा प्रश्न ठेवता येतात. पासवर्ड चुकला की खाली ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं, तिथे उत्तरं द्यायची. प्रश्न ठेवले नसतील, तर त्याच मशीनवरचा दुसरा ॲडमिन कंट्रोल पॅनलमधून तुमचा पासवर्ड बदलू शकतो. अशा जबरदस्तीच्या बदलात विंडोजच्या ईएफएस सोयीने कूटबद्ध केलेल्या (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) फाइली आणि साठवलेले पासवर्ड हातचे जातात. जुना पासवर्ड देऊन बदलला तर जात नाहीत. दुसरा ॲडमिनही नसेल तर सरळ मार्ग एकच उरतो: लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग. यात सगळं पुसलं जातं. म्हणून त्याआधी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि फोटो, कागदपत्रं उतरवून घ्या. डिस्क कूटबद्ध नसेल तर हे जमतं.

व्हिडिओत दाखवतात त्या युक्तीने पासवर्ड उडवता येणार नाही का?

लॉगिनच्या पडद्यावरून उघडणारा एखादा प्रोग्राम बदलून आत शिरायची युक्ती बरीच जुनी आहे. आज विंडोजचा अँटिव्हायरस तो बदल ओळखून हाणून पाडतो, आणि डिस्क कूटबद्ध असेल तर किल्लीशिवाय तो बदल करताच येत नाही. त्यात विंडोजच्या फाइली बिघडल्या तर दुरुस्ती आणखी लांबते. ‘पासवर्ड काढणारं’ म्हणून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तर आपल्या मशीनवर टाकूच नका. त्याला तुम्ही अख्खी डिस्क उघडी करून देत असता.

निळ्या पडद्यावर मागितलेला ४८ आकडी क्रमांक

बिटलॉकर आणि त्याचं घरगुती रूप असलेलं डिव्हाइस एन्क्रिप्शन अख्खी डिस्क कूटबद्ध करतं. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की बहुतेक मशीनवर ते आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. घरातल्या कोणालाच त्याचा पत्ता नसतो. मग एक दिवस बायोस अपडेट होतं आणि लॉगिनच्याही आधी निळा पडदा ४८ आकड्यांची ‘रिकव्हरी की’, म्हणजे किल्ली, मागतो.

हा क्रमांक आठवायचा नसतो, शोधायचा असतो. सेटअप करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आधी लॉगिन केलं, त्याच खात्यात तो साठवलेला असतो. मुलाने सुट्टीत येऊन बाबांचा लॅपटॉप स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिला असेल, तर किल्ली मुलाच्या खात्यात आहे. आधी त्याला फोन करा. पडद्यावर त्या किल्लीचा ‘की आयडी’ही दिसतो, खात्यातल्या यादीत तोच शोधून त्यापुढचे आकडे टाका.

किल्ली कुठेच सापडली नाही तर त्या डिस्कवरचा डेटा मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही, दुरुस्तीवालाही नाही. म्हणून आज मशीन चालू असतानाच आपल्या खात्याच्या पानावर, डिव्हाइसेसमध्ये, ही किल्ली बघा आणि कागदावर उतरवा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग चोरीला गेली तर दोन्ही जातील.

‘येस’चं बटण दाबताच येत नाही

आत आलात, यूएसीची चौकट आली, पण पासवर्ड टाकायला जागाच नाही आणि ‘येस’ फिकट पडलेलं. ही फार कोंडीची अवस्था असते. मशीनवर चालू असलेलं एकही ॲडमिन खातं उरलं नाही, असा याचा अर्थ. कोणीतरी जुनं खातं काढून टाकलं किंवा आपलंच खातं स्टँडर्ड करून बसलं की असं होतं.

विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं एक मूळ खातं असतं. व्हिस्टापासून ते बंद ठेवलेलं असतं. शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जा आणि पुन्हा सुरू होताना ४ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींनिशी चालणाऱ्या विंडोजमध्ये, या. डिस्क कूटबद्ध असेल तर वाटेत तीच ४८ आकडी किल्ली लागू शकते. लॉगिनच्या पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटर दिसला आणि त्याला कधी पासवर्ड लावलेला नसेल, तर चौकट रिकामी ठेवून आत जाता येतं. कंट्रोल पॅनल, यूजर अकाउंट्स, मॅनेज अनदर अकाउंट यातून आपलं खातं पुन्हा ॲडमिन करा आणि नेहमीसारखं रीस्टार्ट करा. तो दिसलाच नाही, तर डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाकावं लागतं.

हे मूळ खातं रोज वापरायला चालू ठेवायचा मोह टाळा. त्याला यूएसी काही विचारत नाही. जो प्रोग्राम चालेल तो सगळ्या अधिकारांनिशी चालतो.

जुन्या डिस्कवरचे फोटो उघडत नाहीत

हे तिसरं दार. विंडोजची डिस्क एनटीएफएस पद्धतीची असते आणि तिच्यावर प्रत्येक फाइलला मालक आणि परवान्यांची यादी असते. ती यादी नावावर चालत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो, त्यावर चालते. जुन्या मशीनवर तुमचं नाव ‘आई’ होतं आणि नव्यावरही ‘आई’च ठेवलं, तरी दोन्ही क्रमांक वेगळे. नव्या विंडोजच्या लेखी तुम्ही अनोळखी.

फोल्डरवर डबल क्लिक केलं की ‘परवानगी नाही, कंटिन्यू दाबा’ अशी चौकट येते. ॲडमिन असाल तर दाबा. विंडोज तुमचं नाव प्रत्येक फाइलच्या यादीत घालत जातं. हजारो फोटो असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते, मध्येच बंद करू नका. एवढ्यानेही भागलं नाही तर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा. वर ‘ओनर’ समोर चेंज आहे. तिथे आपल्या खात्याचं नाव लिहून चेक नेम्स दाबा. नाव अधोरेखित झालं की ते सापडलं. मग ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ वर खूण करून ओके. मालकी आली तरी वाचायची परवानगी वेगळी असते. चौकट बंद करून पुन्हा उघडा आणि सिक्युरिटीत आपल्या नावापुढे फुल कंट्रोल द्या.

हे फक्त आपल्या डेटाच्या फोल्डरवर करा. विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फाइलींचा आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असतो आणि तो तसाच राहू द्यावा. ‘एव्हरीवन’ला सी ड्राइव्हवर फुल कंट्रोल देऊन टाकायचा सल्ला अनेक जण देतात. तसं केलं की दुष्ट प्रोग्रामलाही तीच मोकळीक मिळते, आणि एका बटणाने पूर्ववत करायची सोय विंडोजमध्ये नाही.

एक चूक वारंवार होते. मुलांनी फोल्डर उघडू नये म्हणून पालक ‘एव्हरीवन’पुढे ‘डिनाय’वर खूण करतात. एव्हरीवनमध्ये आपणही येतो, आणि त्याच यादीत थेट लावलेला डिनाय परवानगीवर मात करतो. तरी घाबरायचं कारण नाही. फोल्डरचा मालक ती यादी केव्हाही बदलू शकतो. सिक्युरिटीत जाऊन ती खूण काढा.

पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर हा विषयच वेगळा. कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी बघा.

हिशेबाचा डेटा अचानक जुना का दिसतो?

ही अडचण छोट्या दुकानदारांना आणि घरून काम करणाऱ्यांना फार छळते, आणि कारण न कळल्याने दोष भलत्याच कोणावर जातो. विंडोज एक्सपीच्या काळातले कितीतरी प्रोग्राम आपला डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच लिहीत. आता तिथे साध्या अधिकारांनी लिहिता येत नाही. असे प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून विंडोज ते लेखन गुपचूप दुसरीकडे वळवतं: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. प्रोग्रामला वाटतं की आपण जागच्या जागी लिहिलं.

आता एक दिवस कोणी त्याच प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं, की तो खऱ्या जागेवरची फाइल उघडतो. तिथे सहा महिन्यांपूर्वीचा हिशेब असतो. सगळे हादरतात आणि नव्याने नोंदी भरायला लागतात. पुढच्या वेळी साधं उघडलं की पहिला हिशेब परत हजर. आता डेटाच्या दोन प्रती झाल्या, दोन्हीत वेगवेगळ्या नोंदी. घरातल्या दुसऱ्या माणसाने स्वतःच्या खात्यातून उघडलं तर तिसरी.

असं दिसलं की नोंदी थांबवा. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स चालू करून व्हर्च्युअलस्टोअर बघा आणि दोन्ही ठिकाणच्या फाइलींच्या तारखा ताडा. दोन्हींची प्रत बाहेर ठेवा. मग कंपनीचं नाव, रकमा नीट तपासून बरोबर प्रत निवडा. कायमचा उपाय म्हणजे डेटाची जागा प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, समजा डी ड्राइव्हवर, ठेवणं. जुन्या प्रोग्रामला ती सोय नसेल तर तो प्रोग्रामच प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर टाका.

मराठी फॉन्टचंही असंच. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर तो फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात तो दिसत नाही आणि काही जुन्या डीटीपी (छपाईची पानं जुळवणाऱ्या) प्रोग्रामांनाही सापडत नाही. ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. त्याला ॲडमिन लागतो.

घरी मी एकटाच, मग यूएसी बंद केलं तर काय बिघडलं?

प्रश्न रास्त आहे. पण यूएसी तुमच्या घरच्यांना अडवायला नाही. तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला अडवायला आहे. लग्नपत्रिका किंवा बिल म्हणून आलेली फाइल तुम्ही उघडली, की ती तुमच्या अधिकारांनी चालते. विचारणा बंद असेल तर ती अँटिव्हायरस थांबवू शकते, ड्रायव्हर बसवू शकते, आणि तुम्हाला काही दिसत नाही. तुम्ही काही टाकत नसताना ही चौकट आली, तर ‘नो’ म्हणायची संधी तिथेच मिळते.

त्याहून चांगली सवय म्हणजे रोजचं खातं स्टँडर्ड आणि ॲडमिन वेगळा. इथे क्रम महत्त्वाचा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स यात ॲड अकाउंट दाबा. ‘या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हे पर्याय घ्या. नाव, पासवर्ड आणि तीन प्रश्नांची उत्तरं भरा. नवं खातं स्टँडर्ड असतं, म्हणून चेंज अकाउंट टाइपमधून ते ॲडमिन करा. बाहेर पडून त्या खात्याने एकदा लॉगिन करून बघा. ते नीट चालतंय हे पाहिल्यावरच, त्या खात्यातून, आपलं रोजचं खातं स्टँडर्ड करा. पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

‘तुमची संस्था हे सांभाळते’ असं दिसलं तर

घरच्या मशीनवर हा निरोप येण्याचं साधं कारण म्हणजे ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल जोडताना ‘ऑर्गनायझेशनला डिव्हाइस सांभाळू द्या’ याला होकार दिलेला असतो. सेटिंग्ज, अकाउंट्स, ॲक्सेस वर्क ऑर स्कूलमध्ये जाऊन ते खातं डिस्कनेक्ट करता येतं. त्याआधी मशीनवर आपलं स्वतःचं ॲडमिन खातं आहे ना, ते बघा.

सेकंडहँड लॅपटॉपची गोष्ट गंभीर आहे. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवतात. ती नोंद हार्डवेअरच्या ओळखीवर, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. डिस्क पुसून किंवा बदलून ती जात नाही. विंडोज नव्याने टाकून नेट जोडलं की पहिल्या सेटअपमध्येच त्या कंपनीचं नाव आणि तिथला ईमेल मागणारा पडदा येतो. ती नोंद काढणं त्या कंपनीच्या आयटी विभागाच्या हातात असतं. दुकानदार नेट न जोडता सेटअप करून देतो तेव्हा हे दिसत नाही आणि पुढच्या रीसेटला उघड होतं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच रीसेट करायला लावा, आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडा आणि पहिला पडदा स्वतः बघा. कंपनीचं नाव आलं तर तो लॅपटॉप घेऊ नका.